दिव्यापुरती थांबलेली हवा

"हवेला जायला वाट द्या, यायचं ती आपली आपण पाहते."

हे वाक्य म्हणतच आमचे शेजारी काका कुणाच्याही घरात शिरायचे. शिरले की चहापाण्याच्या आधी उदबत्ती मागायचे. देवासाठी नव्हे. पेटलेली उदबत्ती हातात धरून ते आधी दारापाशी उभे राहायचे, मग खिडकीपाशी, मग बाथरूमच्या दारात, आणि धूर कुठे झुकतो ते मान तिरकी करून बघायचे. धूर नको तिकडे वळला की चुकचुकायचे. डॉक्टरला पेशंटच्या छातीत नको तो आवाज ऐकू यावा, तसे.

एकदा कॅलिफोर्नियातल्या आमच्या सांता क्लारातच एका तरुण जोडप्यानं नवं घर घेतलं आणि सत्यनारायण घातला. गुरुजी अध्याय वाचत होते. काकांनी पूजेतलीच एक उदबत्ती हळूच उचलली आणि जिन्याखालच्या बाथरूमपाशी जाऊन धरली. आम्हा बायकांना कळेना, तिकडे तोंड करून नमस्कार करायचा की काय. गुरुजी वाचता वाचता थांबले.

"चालू द्या गुरुजी," काका म्हणाले. "तुमचा सगळा धूर वर बेडरूममध्ये जमून राहिला आहे, एवढंच पाहून राहिलो होतो."

मागून काकूंचा आवाज आला, "बसा हो खाली. पूजेला आलोय आपण, इन्स्पेक्शनला नाही."

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. ज्याला जगात एकच गोष्ट दिसते आणि ती बाकी कुणाला दिसत नाही. काकांना हवा दिसायची.

नागपूरचे होते. तिथल्या उन्हाळ्यात पोरगेलेसे असताना घरोघर वाळ्याचे कूलर बसवून द्यायचे आणि बजावायचे, समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर नुसती ओल होईल, गारवा नाही. तिथून इंजिनियरिंग, तिथून अमेरिका. इथे चिप बनवणाऱ्या कारखान्यांतल्या स्वच्छ खोल्यांची हवा आखण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. धुळीचा कणसुद्धा आत येऊ द्यायचा नाही, अशा त्या खोल्या. दोन हजार एक साली सगळीकडे नोकऱ्या गेल्या, त्यात त्यांचीही गेली. त्या वयात कुणी पुन्हा घेईना. तेव्हापासून त्यांचं सगळं ज्ञान आमच्या स्वयंपाकघरांवर मोकाट सुटलं.

आमची दोन्ही घरं भिंतीला भिंत नसली तरी कुंपणाला कुंपण होती. सगळी तरुण मंडळी त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. खरं तर ते माझ्यापेक्षा काही फार मोठे नव्हते. पण तेव्हाची मी म्हणजे एक नमुना होता. पंचेचाळिशी उलटलेली, केस काळे केलेले, आणि कुणी मला काकू म्हटलं तर त्याच्याशी आठवडाभर न बोलणारी. एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचे मला पैसे मिळत. घरी आल्यावर तेच काम मी फुकट करायची. गल्लीत कुणाच्या दारात कुठली गाडी आली, कुणाच्या सुनेनं मंगळसूत्र काढून ठेवलंय, कुणाच्या मुलाच्या खोलीत दिवसा पडदे का, सगळं मला ठाऊक. आता नात मला विचारते, "आजी, वेअर यू अ स्पाय?" मी म्हणते, नाही गं, स्पायला गप्प बसता येतं.

काकू मात्र वेगळ्या. त्यांचं खाण्यावर प्रेम होतं, आणि ते त्या लपवत नसत. जेवायला बसल्या की बांगड्या मागे सारायच्या आणि म्हणायच्या, "आता कुणी मला काही विचारू नका." भातात डाळीच्या पिठाचे गोळे शिजवून गोळाभात करायच्या तेव्हा वरून तेलाची चरचरीत फोडणी ओतायच्या आणि पहिला घास घेताना डोळे मिटायच्या. मी तेव्हा कसलंसं डाएट करत होते. सॅलडचा डबा मांडीवर घेऊन त्यांच्याकडे दयेनं बघायची. त्या माझ्याकडे बघत. कोणाची दया जास्त खरी होती ते आता कळतं.

त्यांना आजार निघाला आणि किमो सुरू झाली, तेव्हा पहिल्यांदा गेलं ते खाणं. केस नंतर गेले. त्या घरात फोडणी बंद झाली, कारण जिऱ्याचा वास आला तरी काकूंना उमळून यायचं. मी डबे नेत असे. भाताची पेज, मुगाचं कढण, साबुदाण्याची खीर. डबे तसेच परत येत, धुतलेले, आत काहीतरी घालून, कारण रिकामा डबा परत करायचा नसतो. कधी खडीसाखर, कधी झाडाची दोन लिंबं. त्या लिंबांकडे पाहून मला रडू येई.

माणूस आजारानं जातो हे आपल्याला ठाऊक असतं. काकू उपासमारीनं जाताहेत असं वाटत होतं, भरलेल्या फ्रीजच्या शेजारी.

मग डॉक्टरांनी एक उपाय सुचवला. गांजा. कॅलिफोर्नियात आजाऱ्यांना तो डॉक्टरच्या परवानगीनं घेता येत होता, घरी थोडी झाडंही लावता येत होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढे काकांनीच सांगितलं. ते ओकलंडला एका दुकानात जाऊन थोडा घेऊन आले. काकूंनी तो घेतला, आणि संध्याकाळी म्हणाल्या, "मेतकूट आहे का घरात?" काका भात लावायला धावले. वाटीभर मेतकूट-भात खाल्ला त्यांनी.

पण पुढच्या खेपेला आणलेल्या मालाला बुरशी होती. दुकानदाराला दिसली नाही, काकांना दिसली. किमोच्या पेशंटच्या अंगात बुरशीशी झुंजायची ताकद नसते. काकांनी ती पुडी फेकून दिली आणि गॅरेज रिकामं करायला घेतलं. ज्या माणसानं आयुष्यभर धुळीचा कण आत येऊ दिला नाही, तो बायकोच्या औषधाला बुरशी कशी लागू देईल?

गॅरेजचं दार उघडं होतं आणि माझ्या वरच्या खिडकीतून आतलं सगळं दिसत होतं. काका जमिनीवर ओणवे होऊन रांगोळी काढत होते.

मी 'आमच्या ह्यांना' हाक मारली. "अहो, काका रांगोळी काढताहेत."

"काढू दे की."

"गॅरेजमध्ये? पुरुषमाणूस?"

नक्षी नव्हती. लांब सरळ रेघा, चौकोन, बाण. मधे खुर्चीवर शाल पांघरून काकू बसलेल्या. नंतर कळलं, तो खोलीचा नकाशा होता. कागदावर काढला तर काकूंना कळत नसे, म्हणून खोली जेवढ्यास तेवढी जमिनीवर, काकूंच्याच रांगोळीनं. भिंत इथे. दार इथे. हवा इथून खालून आत येणार, झाडांच्या अंगावरून जाणार, तापलेली वर चढणार आणि त्या कोपऱ्यातून, वास शोषणाऱ्या कोळशाच्या गाळणीतून बाहेर. काका रांगोळीच्या दारातून आत जायचे, रांगोळीच्या भिंतीला वळसा घालायचे, आणि काकू सांगायच्या, "तिथे तुमचा कोपर आपटेल." मग ते हातानं रेघ पुसून थोडी पलीकडे काढायचे.

मला वाटलं, काकूंसाठी यज्ञबिज्ञ मांडताहेत. मी महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना फोन करून तसं सांगूनही टाकलं. दोघींनी तूप किती लागेल विचारलं.

मग महिना-दोन महिने तिथे पत्रा, पाइप, पंखे, पांढरे तक्ते येत राहिले. गॅरेजचं दार लागलं ते लागलंच. आणि एके दिवशी माझ्या परसात वास आला.

ज्यांनी कॅलिफोर्निया पाहिलंय त्यांना स्कंक माहीत आहे. पट्टेरी शेपटीचं जनावर, रागावलं की असा वास सोडतं की माणसानं घर सोडावं. मी अ‍ॅनिमल कंट्रोलला फोन लावला. गणवेशातला एक तरुण आला, कुंपणाच्या कडेनं नाक वर करून चालला, काकांच्या गॅरेजपाशी थांबला आणि हसला.

"मॅम, या स्कंकला पाय नाहीत."

"जखमी आहे का?" मी कळवळून विचारलं.

तो आणखी हसला, गुड डे म्हणाला आणि गेला. मी संध्याकाळपर्यंत त्या बिनपायाच्या प्राण्याची काळजी करत होते. ह्यांनी ऑफिसातून आल्यावर ऐकून घेतलं, कुंपणापाशी जाऊन एक श्वास घेतला, आणि पुढचा अर्धा तास सोफ्यावर पडून हसत होते. मग मला सांगितलं, गांज्याच्या झाडाचा वास असाच असतो.

मी तरातरा काकांच्या दारात गेले. काय काय बोलायचं ते चालता चालता ठरवलं होतं. संस्कार, मंडळ, मुलं, व्हिसा, सगळं त्यात होतं.

"काका, तुमच्या गॅरेजमधून वास येतो."

त्यांचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. मग ते म्हणाले, "अशक्य."

"अशक्य काय? माणूस येऊन गेला सिटीचा."

"कुठे उभ्या होत्या तुम्ही, ताई? वारा कुठून होता? दुपारी की सकाळी?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता ते उदबत्ती घेऊन बाहेर धावले. चोरी पकडली गेल्याचं काही नव्हतं. त्यांच्या हातून हवा निसटली होती, याची लाज होती. गाळणीच्या सांध्यात फट निघाली. ती बुजवेपर्यंत माझे संस्कार दारातच उभे.

मग त्यांनी मला आत नेलं. आधी चपला बाहेर. मग हात धुवा. मग पदर खोचा. मग त्यांनी दिलेला पांढरा डगला. माझ्या सासूबाईंनी एवढं सोवळं पाळलं नव्हतं. आत पांढऱ्या भिंती, वर तळपते दिवे, आणि मधे कुंड्यांतली थोडीशी झाडं, पानांचे पंजे पसरून, हलकेच डोलत असलेली. सगळ्यांना सारखा वारा लागत होता. इतकी स्वच्छ हवा मी या देशात कुठे घेतली नव्हती, वास सोडला तर.

"हे कायद्यात बसतं का?" मी विचारलं.

"राज्याच्या बसतं. वॉशिंग्टनच्या नाही."

तिकडे मिशिगनमध्ये नोव्हायला त्यांची मुलगी असते, तिचा फोन त्याच वेळी आला. स्पीकरवर होता, त्यामुळे मी ऐकला नाही असं म्हणता येणार नाही. "बाबा, आर यू क्रेझी? पकडलं तर ग्रीन कार्ड जाईल. डिपोर्ट करतील तुम्हाला."

"आईच्या घशाखाली घास उतरू दे," ते म्हणाले. "कार्डाचं मग बघू."

मी ठरवलेलं भाषण तिथेच विसरले. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "यज्ञच आहे एका परीनं." आणि मंडळात मात्र पहिल्यांदाच काही सांगितलं नाही.

पुढचं जे आहे ते आठवलं की माझी थट्टा जरा थांबते.

झाडं वाढली, पण त्यांना फुलं येईनात. औषध असतं ते फुलांत. काकांनी मला समजावलं, की हे झाड आपल्या शेवंतीसारखं असतं. लांब, सलग, मिट्ट काळोख मिळाला तरच फुलतं. म्हणून संध्याकाळी दिवे बंद करून खोली अंधारात ठेवायची. तेवढं ते काटेकोर करत होते. तरी झाडं नुसती पानं काढत होती. ओकलंडहून आणलेलं थोडं शिल्लक होतं तेही संपलं. काकू पुन्हा चहात बुडवलेल्या बिस्किटावर आल्या, आणि मग बिस्किटही नको म्हणू लागल्या.

काकांना वाटलं, कुठूनतरी उजेड झिरपतोय. त्यांनी फटी चिकटपट्टीनं बंद केल्या. रोज संध्याकाळी ते काकूंना झोपवून फिरायला जात. त्या दिवशी गेले नाहीत. दिवे मालवून खोलीतच एका कोपऱ्यात पालथ्या बादलीवर बसले, अंधारात डोळे सरावले की कुठली फट दिसते ते बघायला.

दिवेलागणीला दार उघडलं.

काकू होत्या. त्या दिवशी सकाळपासून त्यांना उठवून बसवायलाही दोन उशा लागल्या होत्या. आता त्या एका हातानं भिंत धरून, दुसऱ्या हातात निरांजन घेऊन आल्या. चपला बाहेर काढलेल्या. हळूहळू चालत झाडांपाशी पोचल्या, निरांजन जमिनीवर ठेवलं, हात जोडले. दम खात उभ्या राहिल्या. मग जशा आल्या तशा भिंतीला धरून परत गेल्या. कोपऱ्यात बसलेला माणूस त्यांना दिसला नाही. निरांजन तूप संपेपर्यंत जळत राहिलं.

काका दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात हे सांगत होते. उदबत्ती मागितली नव्हती. चहा समोर तसाच होता.

"रोज येत असणार ती," म्हणाले. "मी फिरायला गेलो की. घरात एवढं हिरवं, आणि त्याच्यापुढे दिवा नाही, हे तिला कसं चालेल? नागपूरला अंगणातल्या प्रत्येक झाडापाशी फिरवायची दिवा."

माझ्यातली टेस्टर जागी झाली. "मग सापडली की चूक. सांगा ना त्यांना, दिवा हॉलमध्ये लावा म्हणावं."

"सांगितलं तर लगेच थांबेल."

"मग झालं तर."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी कणकेच्या परातीत हात घातला आणि उगीचच मळू लागले.

"ताई, दिवसभर ती कशालाच उठत नाही. जेवायला नाही, आंघोळीला नाही, मुलीच्या फोनला नाही. एवढ्यासाठी उठते. ते काढून घेतलं तर उद्या उठेल कशासाठी?"

असा तो पेच होता. दिवा लावला तर झाडं फुलणार नाहीत, आणि घास उतरणार नाही. दिवा नाही लावला तर त्या उठणार नाहीत. मी बाई हुशार. मला दोन्हींतलं एक निवडायचं एवढंच सुचत होतं. काका चहा न पिता गेले आणि थोड्या वेळानं मी खिडकीतून पाहिलं तर गॅरेजचं दार कधी नव्हे ते उघडं, आणि आतल्या मोकळ्या जागेत ते पुन्हा ओणवे झाले होते. रांगोळीनं रेघ ओढत होते.

त्यांनी खोलीत खोली काढली. दारातून आत आलं की छोटासा कोपरा, त्यात एकच झाड. मागे भिंत, उजेडाचा थेंबही पार होणार नाही अशी, आणि भिंतीपलीकडे बाकीची झाडं, त्यांच्या अंधारात. काकूंनी विचारलं, बाकीची कुठे गेली? काका म्हणाले, "मोठी झाली. वरच्या वर्गात घातली."

भिंत सोपी होती. अवघड होती हवा. झाडांना वारा हवा, नाहीतर बुरशी. निरांजनाला वारा नको, नाहीतर ज्योत विझते, आणि विझलेला दिवा पाहून काकूंच्या मनात काय येईल हे सांगायला नको. आणि सगळी हवा त्याच दाराकडून आत यायची होती.

ज्योत सांभाळायला मला बसवलं. त्या कोपऱ्यात पाट टाकून, समोर निरांजन पेटवून, भर दुपारी. काका भिंतीपलीकडे पंख्याशी.

"हलली का?"

"हलली."

"आता?"

"काका, विझली."

"लावा पुन्हा. आता?"

"हलतेय. माझे पाय बधिर झाले."

"पायाचं नंतर. आता?"

अख्खी दुपार गेली. त्यांनी हवेची वाट फिरवली, वरून नेली, जमिनीलगत जाळीमागून सोडली, पंख्याला कापडाचा बुरखा घातला. वात मीच नीट वळली नाही असंही म्हणून झालं. शेवटी एकदा त्यांनी विचारलं, "आता?" आणि मी म्हटलं, "या, बघा." ज्योत सरळ उभी होती, चित्रातल्यासारखी. भिंतीपलीकडे पानं सळसळत असलेली ऐकू येत होती.

काका वळसा घालून आले, गुडघ्यावर बसले आणि बराच वेळ ज्योतीकडे बघत राहिले. त्यांनी कारखान्यांसाठी कितीतरी खोल्या आखल्या असतील. त्यांतल्या एकीकडे तरी असं बघत बसले असतील असं मला वाटत नाही.

त्या संध्याकाळपासून काकू भिंतीला धरून यायच्या आणि त्या एका झाडापुढे दिवा लावायच्या. काका फिरायला जातो म्हणत, पण जात नसत. पलीकडच्या अंधारात बादलीवर बसून पावलं ऐकायचे.

पुढे भिंतीमागे फुलं आली. वाळली. आणि एका रविवारी काकूंनी माझ्याकडे निरोप पाठवला, गोळाभात करून दे. मी त्यांच्याच स्वयंपाकघरात केला. त्या खुर्चीवर बसून सूचना देत होत्या. हिंग कमी, गोळे फार दाबू नकोस, तुम्हा पुण्याच्या लोकांना तेल घालायला जिवावर येतं. फोडणीसाठी तेल तापत ठेवलं आणि मी सवयीनं वरचा एक्झॉस्ट सुरू केला. काकांनी पुढे होऊन तो बंद केला. खिडकी लावली. दार लावलं.

"काका, घरभर वास होईल."

"होऊ द्या," म्हणाले.

मोहरी तडतडली. हिंग, हळद. वास घरात भरला, पडद्यांत शिरला, बाहेर जायला त्याला कुठे वाट नव्हती. काकूंनी तो आत घेतला. बांगड्या मागे सारायला गेल्या, त्या कोपरापर्यंत गेल्या, इतका हात बारीक झाला होता. मग म्हणाल्या, "आता कुणी मला काही विचारू नका." आणि जेवल्या.

असे काही महिने मिळाले. थोडं थोडं, पण जेवायच्या. आजार त्याच्या वाटेनं जात होता, त्याला गोळाभातानं काही फरक पडत नव्हता. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

एकदा मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. पाय सुजले होते. मी म्हटलं, "काकू, दिवा मी लावत जाऊ का? तुम्ही कशाला एवढ्या लांब जाता?"

"नको गं," म्हणाल्या. "ते बसलेले असतात ना भिंतीमागे."

मी तेलाची वाटी खाली ठेवली.

"त्यांना वाटतं मला कळत नाही. एकदा खोकला आला त्यांना, तोंडात रुमाल कोंबला." त्या हसल्या. "मी नाही गेले तर ते तिथेच बसून राहतील अंधारात. जेवायचेही नाहीत. पाऊल उचलत नाही बघ, पण जाते. तू नको सांगूस."

आयुष्यात ज्या बाईच्या पोटात काही राहिलं नाही, तिच्या पोटात दोघांनी आपापलं ठेवून दिलं. मी दोन्ही ठेवलं. ह्यांनासुद्धा सांगितलं नाही. काका तर कधी ऐकूच शकले नाहीत माझ्याकडून. आज इतक्या वर्षांनी लिहितेय ते दोघंही नाहीत म्हणून.

मग चालणं थांबलं. काकांनी ते एक झाड कुंडीसकट उचलून झोपायच्या खोलीत आणलं. फुलाशिवायच वाढलेलं, पानांनी भरलेलं. निरांजन आता काका लावत आणि काकू उशीवरून हात जोडत, एक हात दुसऱ्यापर्यंत पोचला तर. घास पुन्हा बंद झाला आणि या वेळी काकांनी काही नवं आखलं नाही. चमच्यानं पाणी पाजत राहिले. काकू गेल्या तेव्हा खोलीच्या सगळ्या खिडक्या त्यांनी स्वतः उघडल्या.

मुलगी नोव्हायहून आली. तिनं माणूस लावून गॅरेजमधलं सगळं काढवलं. काका त्या दिवशी आमच्याकडे येऊन बसले होते. हातोड्याचे घाव इकडे ऐकू येत होते. मी टीव्ही मोठा केला, तर म्हणाले, "राहू द्या, ताई." मुलगी वाईट नव्हती. वडिलांना एकटं ठेवायला तिला भीती वाटत होती. घर विकायला काढलं. आजकाल आमच्या गावाजवळ त्या झाडाची दिवे लावलेली दुकानं आहेत, रांगेत आजीआजोबाही उभे असतात. मी एकदा नातीबरोबर गेले, गुडघ्याला लावायचं मलम आणायला. दुकानातली मुलगी विचारत होती, काही मदत हवी का. मी म्हटलं, नको, नुसती हवा बघतेय. नात लाजली.

काका नोव्हायला गेले आणि तिथल्याच एका थंडीत वारले. मुलीनं फोनवर सांगितलं. शेवटी शेवटी कुणाच्या घरी जात नसत, म्हणाली.

जायच्या दिवशी ते घराची किल्ली द्यायला माझ्याकडे आले होते. गाडी दारात उभी, मुलगी बॅगा भरत होती. मी एकटीच जेवायला बसले होते. वरण, भात, वांग्याची भाजी, एक पोळी. लगबगीनं उठायला लागले, तर हातानं थांबवलं.

"जेवा तुम्ही. मी बसतो."

"तुम्हाला वाढू का?"

"नको. तुम्ही जेवा."

समोरची खुर्ची ओढून ते बसले. माझ्या ताटाकडे बघत. मी घास उचलला की त्यांची नजर घासाबरोबर वर यायची, मी गिळलं की खाली जायची. आधी मला संकोच झाला. असं कुणी समोर बसून बघत असताना जेवायची सवय कुणाला असते? मग कळलं, त्यांना नुसता घास घशाखाली उतरताना बघायचा होता, आणि मी सावकाश जेवू लागले. भात संपला तो पुन्हा घेतला. भाजी पुन्हा घेतली. पोट तुडुंब भरलं होतं. बाहेरून मुलीनं हॉर्न दिला.

"आणखी एक पोळी घ्या," ते म्हणाले.

घेतली. तूप लावलं. शेवटचा तुकडा वरणात बुडवून खाल्ला. ताट लख्ख झालं, तेव्हा ते उठले.